ओड्डीच्या दारातून

इटलीतल्या पेरुजा शहरात १८८७ साली वैद्यकाचा एक विद्यार्थी बोटाच्या पेराएवढ्या जागेवर डोळा लावून बसला होता. रुज्जेरो ओड्डी त्याचं नाव, वय तेवीस. जठरातलं अन्न लहान आतड्यात उतरलं, की पहिल्या वीतभर अंतरात आतड्याच्या भिंतीवर एक छोटासा उंचवटा लागतो. यकृताकडून येणारं पित्त आणि स्वादुपिंडाकडून येणारा पाचकरस, दोन्ही तिथूनच आतड्यात पडतात. त्या तोंडाभोवती स्नायूचं एक कडं असतं. जेवण पुढे सरकलं की ते सैल होतं, एरवी आवळलेलं राहतं. ओड्डीने या कड्याचा नीट अभ्यास केला आणि ते त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी याच दाराबद्दल वेगळा प्रश्न विचारला. इथून रस बाहेर येतात हे ठीक, पण आतड्यातलं काही उलट्या दिशेने आत शिरत असेल का? त्यांनी हिरवी चमकेल अशी बुरशी तयार केली आणि ती उंदरांच्या पोटात सोडली. अर्ध्या तासात ती स्वादुपिंडात दिसली.

त्या बुरशीच्या मागोमाग आपल्याला जायचं आहे. ‘कॅन्सर म्हणजे बुरशीच’ असा मजकूर हल्ली फोनवर फिरत असतो. कुणाच्या घरी हा आजार आला की तो हमखास कुणीतरी पाठवतं. त्यात खरं किती, अर्धवट किती आणि घातक किती, हे रस्ता स्वतः चालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

निघण्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो. भुईमूग किंवा मका नीट न वाळवता दमट जागी साठवला, की त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृताच्या पेशींतल्या पी-५३ या जनुकात एका ठरावीक जागी बिघाड करतं. माणसाला हिपॅटायटिस-बी असेल तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट शेंगदाणे निवडून फेकणारी आजी अगदी बरोबर करत होती. मात्र इथे अंगात शिरतं ते विष, बुरशी नव्हे. आपला विषय आहे तो अंगातच राहणाऱ्या बुरशीचा.

अंगात बुरशी राहते म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. तोंडात, आतड्यात, त्वचेवर ती प्रत्येकाच्या असते. जीवाणूंच्या मानाने संख्येने फारच थोडी, पण असते. त्यातली एक मॅलसेझिया. १८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने डोक्यातल्या कोंड्यात ती पाहिली, त्याच्यावरून पुढे हे नाव पडलं. तिला स्वतःची स्निग्धाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती तेलकट जागा धरून राहते: टाळू, कपाळ, नाकाच्या कडा, पाठ. डोक्यातला कोंडा तिच्याशी संबंधित आहे, आणि उन्हाळ्यात घामेजल्या पाठीवर, मानेवर उठणारी शिबं हीसुद्धा तिचीच करणी. हीच बुरशी आतड्यातही सापडते. शाम्पूच्या जाहिरातीपुरती ओळख असलेला हा जीव कर्करोगाच्या शोधनिबंधात येऊन बसेल, असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

आता स्वादुपिंडाकडे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे हा अवयव आडवा पसरलेला असतो. पोट चाचपून तो हाताला लागत नाही. त्यात गाठ वाढू लागली तरी बराच काळ बाहेर काही कळत नाही. कावीळ दिसू लागते, पाठीत कळ येते, वजन घटतं, तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. मार्च २०१९ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच आजाराने गेले. नाकात नळी असताना ते विधानसभेत आले होते, ते चित्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. अनेक मराठी घरांत ‘स्वादुपिंड’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला असेल.

या कर्करोगाच्या दहातल्या नऊहून अधिक गाठींमध्ये केरास नावाच्या एका जनुकात बिघाड सापडतो. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं हे बटण. ते दाबलेल्या अवस्थेत अडकतं आणि पेशीला तोच हुकूम सतत मिळत राहतो. तरीही एवढ्यावर कर्करोग होतोच असं नाही. उंदरांच्या स्वादुपिंडात हा बिघाड मुद्दाम घडवला, तरी गाठ यायला बराच वेळ लागतो. त्याच उंदरांच्या स्वादुपिंडाला सूज आणली, की तोच प्रवास झपाट्याने होतो. माणसांतही वर्षानुवर्षं स्वादुपिंडाला सूज राहिली तर कर्करोगाचा धोका वाढतो. दुधाला विरजण लावलं म्हणजे लगेच दही लागत नाही, भांडं उबेत ठेवावं लागतं. थंडीच्या दिवसांत आपण ते फडक्यात गुंडाळून ठेवतो. केरासचा बिघाड हे विरजण, आणि सूज ही ऊब.

मग प्रश्न असा उरतो: ओड्डीच्या दारातून आत आलेली बुरशी ही ऊब पुरवते का?

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जॉर्ज मिलर आणि दीपक सक्सेना यांच्या गटाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं उत्तर मांडलं. त्यांच्या मोजणीनुसार निरोगी स्वादुपिंडाच्या तुलनेत गाठीत बुरशी सुमारे ३,००० पट होती. आकडा मोठा दिसतो, पण तो वाचताना एक ध्यानात ठेवावं. निरोगी स्वादुपिंडात बुरशी जवळजवळ नसतेच, आणि जवळजवळ काही नसण्याची ३,००० पट म्हणजेही फार नव्हे. या आकड्याकडे आपल्याला नंतर परत यायचं आहे. गाठीत सापडलेल्या बुरशींमध्ये उंदरांत आणि माणसांत मॅलसेझिया उठून दिसत होती.

सापडणं वेगळं आणि कारणीभूत असणं वेगळं. उकिरड्यावर माश्या असतात, म्हणून उकिरडा माश्यांनी केला असं होत नाही. त्यामुळे पुढचा प्रयोग महत्त्वाचा. केरासचा बिघाड असलेल्या उंदरांना त्यांनी तोंडावाटे ॲम्फोटेरिसिन-बी दिलं. २०२१ च्या म्युकरच्या साथीत याच औषधाच्या इंजेक्शनसाठी आपल्याकडे नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते. तोंडावाटे दिलं तर ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, आतड्यातच राहतं. म्हणजे ते आतड्यातली बुरशी मारतं, थेट गाठीवर काम करत नाही. तरीही गाठींची वाढ मंदावली. जेमसिटाबिन हे केमोचं औषधही त्याच्या जोडीला जास्त परिणाम करू लागलं.

त्यानंतर त्यांनी उलटा प्रयोग केला, आणि मला या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बुरशी मारून आतडं रिकामं केलेल्या उंदरांत त्यांनी एकेक बुरशी परत सोडली. मॅलसेझिया सोडली तेव्हा गाठ पुन्हा जोरात वाढू लागली. कॅन्डिडा, ॲस्परजिलस किंवा पाव फुगवणारं यीस्ट सोडलं तेव्हा तसं झालं नाही. काढल्यावर थांबतं आणि परत घातल्यावर सुरू होतं, तेही एकाच जातीने, असं दिसलं की योगायोगाला जागा कमी उरते. निदान त्या उंदरांपुरती तरी.

आता मॅलसेझिया तिथे नेमकं काय करते ते पाहू. ती पेशीचं जनुक बिघडवत नाही, गाठीला खाऊही घालत नाही. ती फक्त तिथे असते, आणि तिचं असणं आपल्याच रक्तातल्या एका पहारेकऱ्याला दिसतं.

या पहारेकऱ्याला एमबीएल म्हणतात. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून फिरत राहतं. आकाराने ते देठाशी बांधलेल्या फुलांच्या गुच्छासारखं. प्रत्येक फुलाच्या टोकाशी साखर ओळखण्याची सोय. आपल्या स्वतःच्या पेशींच्या अंगावरही साखरेच्या साखळ्या असतात, पण त्यांची टोकं वेगळ्या रेणूंनी झाकलेली. बुरशीच्या भिंतीवर मात्र मॅनोज ही साखर दाटीवाटीने उघडी पडलेली असते. गुच्छातली बरीच फुलं एकाच वेळी तिला चिकटली, की एमबीएलला कळतं की हे घरचं नाही.

मग एक साखळी सुरू होते. रक्तात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाचा प्रथिनांचा एक संच सदैव तयार असतो. कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक. प्रतिद्रव्यांच्या कामाला पूरक ठरतो म्हणून हे नाव, आणि त्यावरच्या कामाबद्दल ज्यूल बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. एमबीएलसोबत फिरणारी कात्रीसारखी प्रथिनं संचातल्या दोन प्रथिनांना कापतात, ते तुकडे जुळून नवी कात्री बनते, आणि ही नवी कात्री सी-३ नावाच्या प्रथिनाचे दोन तुकडे करते. एका कात्रीमागे असे असंख्य. मोठा तुकडा बुरशीच्या अंगाला चिकटतो आणि गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना सांगतो, की ही खायची आहे. छोटा तुकडा, सी-३-ए, आसपास पसरतो. तो धोक्याची हाळी असतो. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, पेशी धावून येतात, जागा सुजते.

काही जीवाणूंच्या बाबतीत ही साखळी शेवटी त्यांच्या अंगाला भोक पाडून काम संपवते. बुरशीची भिंत जाड असते, त्यामुळे तिला असं सहज भोक पडत नाही. ती टिकते, नवी येत राहते, आणि हाळीही चालूच राहते.

गाठीच्या पेशींवर सी-३-ए ऐकणारा ग्राहक असतो. धोक्याची सूचना कर्करोगाच्या पेशीने का ऐकावी? कारण शरीरात धोक्यामागोमाग दुरुस्ती येते. यकृताचा तुकडा कापला तर ते पुन्हा वाढतं, आणि त्या वाढीत कॉम्प्लिमेंटचे तुकडे भाग घेतात. ‘इथे मोडतोड झाली आहे, नवीन पेशी करा’ असाही त्या हाळीचा अर्थ असतो. १९८६ साली बोस्टनच्या हॅरोल्ड ड्वोराक यांनी कर्करोगाच्या गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली होती. ती तुलना इथे अक्षरशः लागू पडते. केरासमुळे आधीच वाढायला टपलेल्या पेशीला दुरुस्तीचा निरोप मिळतो, आणि ती वाढते.

संशोधकांनी या साखळीची एकेक कडी तोडून पाहिली. एमबीएल नसलेल्या उंदरांत मॅलसेझिया सोडली तरी गाठ वेगाने वाढली नाही. सी-३ नसताना गाठ मंद वाढली. गाठीच्या पेशींवरचा सी-३-एचा ग्राहकच कमी केला, तेव्हाही तेच. म्हणजे बुरशी स्वतः गाठ वाढवत नव्हती. तिच्या निमित्ताने आपलीच संरक्षण यंत्रणा गाठीचं काम करत होती.

२०२२ मध्ये याच अवयवात आणखी एक वाट सापडली. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क कर्करोग केंद्रात प्रसेनजित डे यांच्या गटाला उंदरांच्या गाठीत मॅलसेझियाखेरीज अल्टरनेरिया सापडली. हिचं कूळ आपल्या शेतकऱ्यांच्या चांगलंच ओळखीचं आहे. टोमॅटो-बटाट्याच्या पानांवर गोल गोल वळ्यांचे तपकिरी ठिपके पाडणारा लवकर येणारा करपा याच कुळातली एक जात आणते. अल्टरनेरियाचे बीजाणू हवेत असतात, आणि दम्याच्या रोग्यांना त्यांचा त्रास होतो हे पूर्वीपासून माहीत आहे. त्या त्रासाची सुरुवात श्वासनलिकेच्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या इंटरल्युकिन-३३ या रेणूने होते.

डे यांच्या गटाला दिसलं ते असं. केरास बिघडलेली पेशी इंटरल्युकिन-३३ मोठ्या प्रमाणात बनवते, पण ते आतच राहतं. बुरशीचा स्पर्श झाला की ते बाहेर सुटतं. ते ऐकून धावत येतात त्या दुसऱ्या पंथाच्या रोगप्रतिकारक पेशी. ‘दुसरा पंथ’ हे थोडं उलगडून सांगायला हवं. आपल्या संरक्षणाला ढोबळमानाने दोन हात आहेत. एक हात बिघडलेल्या पेशी हुडकून मारतो. दुसरा हात जंतांसारख्या मोठ्या पाहुण्यांना हुसकावतो, चिकट स्राव वाढवतो, जखमा भरतो. दम्यात आणि ॲलर्जीत हा दुसरा हात नको तेवढा चालतो. गाठीला भीती असते पहिल्या हाताची. तिच्याभोवती दुसऱ्या हाताची गर्दी झाली तर मारणारे मागे पडतात, आणि त्या गर्दीने सोडलेले वाढीचे रेणू गाठीला मिळतात. इंटरल्युकिन-३३ काढून टाकलेल्या किंवा बुरशीनाशक दिलेल्या उंदरांत गाठी लहान राहिल्या आणि उंदीर जास्त जगले.

दोन प्रयोगशाळा, दोन वाटा, निष्कर्ष एकाच दिशेचा. इथे थांबलो तर गोष्ट फार सुबक होते.

पण ३,००० पटींच्या आकड्याकडे परत यायचं आपण ठरवलं होतं. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठातल्या पीटर ॲलन यांच्या गटाने न्यूयॉर्कच्या कामातली मूळ माहिती पुन्हा चाळली आणि स्वतःकडच्या रुग्णांचे नमुनेही तपासले. २०२३ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिलं, की स्वादुपिंडाच्या गाठीत अशी खास बुरशीची वस्ती त्यांना दिसत नाही. मॅलसेझियाचं उठून दिसणंही त्यांना सापडलं नाही.

असं कसं होऊ शकतं? बुरशी मोजायची म्हणजे तिचा डीएनए मोजायचा. गाठीच्या तुकड्यात माणसाचा डीएनए पोतंभर आणि बुरशीचा चिमूटभर. पोतंभर तांदळात दोन मोहऱ्या शोधायच्या, आणि शोधणाऱ्याच्याच हाताला मोहरी लागलेली असू शकते. शस्त्रक्रियेची खोली, काचपट्ट्या, डीएनए काढायची रसायनं, मेणाचा ठोकळा, प्रत्येक ठिकाणी थोडा परका डीएनए मिसळतो. आणि मॅलसेझिया तर आपल्या सर्वांच्या त्वचेवर. नमुना हाताळणाऱ्या माणसापासून ती आली, की गाठीतूनच आली, हे सांगणं फार अवघड. या कामात नुसते कोरे नमुनेही सोबत चालवावे लागतात, म्हणजे ज्यात ऊतीचा कणही नाही असे. त्यातही मॅलसेझिया दिसली तर आपण हाताला लागलेली मोहरी मोजतो आहोत.

शिवाय ओड्डीचं दार आहेच. स्वादुपिंडाच्या गाठीने पित्ताची वाट दाबली की कावीळ होते. ती उतरावी म्हणून शस्त्रक्रियेआधी बऱ्याच रुग्णांच्या पित्तनलिकेत एक बारीक नळी, स्टेंट, बसवतात. ती नळी ओड्डीच्या कड्यातून आरपार जाते. दार उघडंच राहतं, आणि आतड्यातले जीव वर चढतात. मग गाठीत सापडलेली बुरशी गाठीच्या आधीची की नळीनंतरची?

असाच मोठा पेच एकंदर या विषयात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात एकाच दिवशी दोन मोठी कामं आली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले रविद श्ट्राउसमन आणि सॅन दिएगोचे रॉब नाइट यांच्या गटाने ३५ प्रकारच्या कर्करोगांचे १७,४०१ नमुने तपासले आणि बुरशीचा डीएनए जवळजवळ सगळीकडे, थोडाथोडा, सापडल्याचं सांगितलं. न्यूयॉर्कच्या इलियन इलिएव्ह यांच्या गटाला पचनमार्गाच्या गाठींत कॅन्डिडा आढळली, आणि ती जास्त असलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी दिसलं. पण गाठींतल्या जीवाणूंबद्दलचा २०२० सालचा एक गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यात माणसाचाच डीएनए चुकून जीवाणूंचा म्हणून मोजला गेल्याचं जॉन्स हॉपकिन्सच्या स्टीव्हन साल्झबर्ग आणि इतरांनी दाखवून दिलं होतं. मागे घेतलेल्या त्या निबंधाच्या काही लेखकांचा बुरशीवरच्या कामातही हात असल्यामुळे आता प्रत्येक आकडा दोनदा तपासला जातो. ते योग्यच आहे.

म्हणून माझं मत असं. उंदरांतली साखळी, म्हणजे बुरशी, एमबीएल, सी-३-ए आणि गाठीची वाढ, ही विश्वास ठेवण्याजोगी आहे, कारण तिची प्रत्येक कडी वेगळी तोडून पाहिलेली आहे. ‘माणसाच्या स्वादुपिंडाच्या गाठीत मॅलसेझिया राहते’ ही कडी मात्र अजून कच्ची आहे. त्यामुळे बुरशीनाशक घेऊन स्वादुपिंडाचा कर्करोग आटोक्यात येतो असं आज कुणी सांगत असेल, तर ते चूक आहे. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. खाण्याच्या सोड्याने ‘कॅन्सरची बुरशी’ मरते असं सांगणाऱ्या इटलीतल्या एका डॉक्टरची नोंदणी रद्द झाली आणि रुग्णाच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षाही झाली, तरी तो सोडा आपल्या फोनवर अजून फिरतो आहे. बुरशीनाशकं तर आणखी जपून हाताळायची औषधं. ॲम्फोटेरिसिनचं इंजेक्शन मूत्रपिंडाला इजा करतं. इट्राकोनाझोल आणि केमोमधलं व्हिनक्रिस्टिन एकत्र पडलं, तर व्हिनक्रिस्टिन शरीरात साठून नसांना गंभीर इजा होऊ शकते. शेजाऱ्याच्या नायट्याची उरलेली गोळी कर्करोगाच्या रुग्णाला देणं म्हणूनच भयंकर आहे.

स्वादुपिंडापासून आता तोंडाकडे येऊ. तिथली बुरशी डोळ्यांनी दिसते, आणि तो कर्करोग आपल्या घरांना जास्त जवळचा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी तंबाखू-चुना, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांची मिश्री हे सगळं चालू आहे. तोंडाच्या कर्करोगाचं मुख्य कारण हेच, बुरशी नव्हे. पण तंबाखूने आणि सुपारीने खरचटलेल्या तोंडात कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीला फावतं.

कॅन्डिडा एरवी गोल, निवांत पेशी म्हणून राहते. संधी मिळाली की ती लांब तंतू काढते आणि तोंडाच्या अस्तरात घुसते. घुसताना ती कॅन्डिडालायसिन नावाचं, फक्त ३१ अमिनो आम्लांचं विष सोडते. ते लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या ज्युलियन नाग्लिक यांच्या गटाने २०१६ मध्ये शोधलं. हे विष पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, आणि त्याने पेशीवरचं ईजीएफआर हे वाढीचं बटण दाबलं जातं. तोंडाच्या बऱ्याच कर्करोगांत हेच बटण आधीपासून जास्त प्रमाणात असतं. शिवाय कॅन्डिडा दारूचं ॲसिटाल्डिहाइड करू शकते, आणि ते डीएनएला इजा करणारं रसायन आहे. तंबाखू, दारू आणि बुरशी एकाच तोंडात असतील, तर तिघांचे हात एकमेकांना लागतात.

माणसांतला याचा सर्वांत बोलका पुरावा फिनलंडमधून येतो. तिथे एपेसेड नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार इतर देशांच्या मानाने जास्त आढळतो. त्यात लहानपणापासून तोंडात कॅन्डिडाचा संसर्ग टिकून राहतो. अशा रुग्णांपैकी काहींना तरुण वयातच तोंडाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला. आजारातली इतर कारणंही त्यात असू शकतात, पण वर्षानुवर्षं न हटणारी बुरशी दुर्लक्ष करण्यासारखी नाही, एवढं तिथल्या डॉक्टरांना कळलं. ते या रुग्णांच्या तोंडातल्या बुरशीवर मनापासून उपचार करतात.

आणि आता तो रस्ता, ज्याबद्दल कुणालाही शंका नाही. आश्चर्य म्हणजे त्याबद्दल बोललं जातं सर्वांत कमी. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला रेडिएशन देतात, साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. त्याने लाळेच्या ग्रंथी सुकतात. लाळ बुरशीला रोखत असते, ती आटली की कॅन्डिडा पसरते. तोंड आतून लाल होतं, पांढरा थर येतो, गिळताना आग होते. माणूस भाकरी सोडतो, मग मऊ भात, मग पेजसुद्धा नको म्हणतो. वजन उतरलं की रेडिएशनसाठी चेहऱ्याच्या मापाने केलेला जाळीचा मुखवटा सैल होतो. ताकद संपली की चार दिवस रेडिएशन थांबवावं लागतं. या प्रकारच्या कर्करोगात मधल्या खंडात उरलेल्या पेशी जोमाने पुन्हा वाढतात, म्हणून प्रत्येक चुकलेला दिवस महाग असतो. तसंच रक्ताच्या कर्करोगाचं. केमोने पांढऱ्या पेशी घटल्या की फुप्फुसात ॲस्परजिलस, कधी म्युकर शिरतो, आणि तो आटोक्यात येईपर्यंत पुढची केमो थांबते. बुरशी इथे गाठीला ना निरोप देते, ना ऊब. ती उपचार अडवते, आणि तेवढ्याने कर्करोगाला वेळ मिळतो.

हा रस्ता बंद करणं आपल्या हातात आहे, आणि त्याला सोड्याची गरज नाही. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. तोंड दिवसातून बऱ्याचदा साध्या किंवा किंचित मीठ घातलेल्या पाण्याने खळखळून धुवायचं. साखर ताब्यात ठेवायची, कारण मधुमेहात बुरशीला मोकळं रान मिळतं. आणि रोज उजेडात तोंड बघायचं. रुग्णाला स्वतःला जमत नसेल, तर घरातल्याने बघायचं.

ओपीडीत डॉक्टर हेच करतात. ‘आजी, आ करा. जीभ वर.’ टॉर्च मारतात, गालाच्या आतल्या बाजूचा पांढरा थर लाकडी पट्टीने हलकेच खरवडतात. तो सुटून आला आणि खाली लाल, चिडलेली त्वचा दिसली, तर बहुधा कॅन्डिडा. त्यावर चघळायची गोळी किंवा तोंडात धरायचा द्राव देतात, आणि चार-पाच दिवसांत आजींच्या घशाखाली पेज उतरू लागते. खरवडून तो सुटला नाही, ओठाच्या कोपऱ्याच्या आत जाड, खरखरीत चट्टा तसाच राहिला, तर तिथे कॅन्डिडा असू शकते, तंबाखूने केलेला बदल असू शकतो, दोन्ही असू शकतं. मग डॉक्टर पट्टी बाजूला ठेवतात, आजींच्या सुनेला जवळ बोलावतात, आणि तुकडा काढून तपासायची चिठ्ठी लिहून देतात.